निर्वानाच्या ‘ब्लीच’ची मूळ प्रत नेमकी कोणती मानावी?

अर्धविराम:

निर्वाना या बँडचा पहिला अल्बम ‘ब्लीच’ मी आजवर १९९२ च्या सीडीवरच ऐकत आलो आहे. त्या सीडीवर तेरा गाणी आहेत. सुरुवात ‘ब्ल्यू’ने होते आणि शेवट ‘डाउनर’ने. हा क्रम कानात इतका मुरला आहे की ‘सिफ्टिंग’ संपता संपता ‘बिग चीज’ची सुरुवात मनात आपोआप वाजू लागते. अलीकडे एका मित्राकडे या अल्बमची हिरव्या रंगाची ब्रिटिश तबकडी पाहिली आणि माझा गोंधळ उडाला. तिच्यावर अकराच गाणी होती, ‘डाउनर’चा पत्ता नव्हता, आणि जिथे ‘लव्ह बझ’ यायला हवे तिथे ‘बिग चीज’ वाजत होते. अमेरिकेत १९८९ साली आलेल्या तबकडीवर मात्र ‘लव्ह बझ’ होते, असे तो म्हणतो. मग या तिघांपैकी मूळ अल्बम कोणता धरायचा?

त्याच्याच जोडीला आणखी काही शंका विचारून घेतो. वेष्टनावर गिटारवादक म्हणून जेसन एव्हरमन याचे नाव छापले आहे, पण त्याने या अल्बमवर काहीच वाजवलेले नाही असे सांगतात; हे खरे असेल तर नाव छापण्याचे कारण काय? दुसरे असे की ‘फ्लॉइड द बार्बर’ आणि ‘पेपर कट्स’ या दोन गाण्यांतले ड्रम मला इतर गाण्यांपेक्षा वेगळे आणि जड वाटतात. हा माझ्या कानांचा भास आहे की खरोखर तसे आहे? संपूर्ण अल्बम ६०६ डॉलरमध्ये झाला ही गोष्ट तर सगळेच सांगतात, पण तो हिशेब कुठून कुठपर्यंतचा आहे हे कोणी उलगडून सांगत नाही. शेवटी, २००९ ची आवृत्ती घ्यावी की हातातली सीडी पुरेशी आहे, यावरही जाणकारांचे मत हवे आहे.


तबकडीवाला:

आपल्या मित्राचे म्हणणे बरोबर आहे. सिएटलच्या सब पॉप या लेबलने, म्हणजे तबकड्या काढणाऱ्या कंपनीने, १५ जून १९८९ रोजी अमेरिकेत जी तबकडी काढली, तिच्यावर अकरा गाणी होती आणि पाचव्या जागी ‘लव्ह बझ’ होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ट्युपेलो या लेबलने ब्रिटनमध्ये अल्बम काढला, तेव्हा त्या जागेवर ‘बिग चीज’ बसवण्यात आले. ‘नेव्हरमाइंड’ या बँडच्या दुसऱ्या अल्बमच्या यशानंतर १९९२ मध्ये जी सीडी आली, तिच्यावर ‘लव्ह बझ’ आपल्या जागी राहिले आणि ‘बिग चीज’ व ‘डाउनर’ ही दोन गाणी शेवटी जोडली गेली. म्हणजे आपण ज्याला अल्बमचा शेवट समजत आलात तो शेवट नव्हेच, ती नंतर लावलेली पुरवणी आहे. त्यातही गंमत अशी की सर्वांत शेवटी ऐकू येणारे ‘डाउनर’ हे त्या सीडीवरच्या सर्वांत जुन्या ध्वनिमुद्रणांपैकी एक आहे. ते जानेवारी १९८८ मधले आहे. सीडी आली त्याच वर्षी, म्हणजे १९९२ च्या डिसेंबरात आलेल्या ‘इन्सेस्टिसाइड’ या संग्रहातही तेच घेतले गेले. त्यामुळे ‘ब्लीच’शी त्याचे नाते सुरुवातीपासून सैलच आहे असे मी मानतो.

माझे मत विचाराल तर अकरा गाण्यांची अमेरिकन तबकडी हाच मूळ अल्बम धरावा. ती आधी आली हे कारण आहेच, पण तेवढेच नाही. तबकडीला दोन बाजू असतात, आणि ‘ब्लीच’ त्या दोन बाजूंच्या हिशेबाने रचलेला आहे. पहिली बाजू ‘पेपर कट्स’वर, म्हणजे अल्बममधल्या सर्वांत संथ आणि गुदमरवणाऱ्या गाण्यांपैकी एकावर थांबते. तिथे श्रोत्याला उठून तबकडी उलटावी लागते, आणि सुई टेकताच ‘निगेटिव्ह क्रीप’ अंगावर येते. दुसऱ्या बाजूच्या अखेरीस पुन्हा एक संथ गाणे आहे, ‘सिफ्टिंग’, आणि तेही पाच मिनिटांहून लांब. दोन्ही बाजू सुमारे साडेअठरा मिनिटांच्या आहेत आणि दोन्ही एकाच प्रकारे, जडशीळ होत संपतात. सीडीवर ‘पेपर कट्स’ आणि ‘निगेटिव्ह क्रीप’ यांच्यामध्ये दोन सेकंदांची शांतता उरते, आणि ‘सिफ्टिंग’नंतर आणखी दोन गाणी येतात; त्यामुळे ही रचना मुळात होती हेच लक्षात येत नाही.

मात्र येथे एक गोष्ट मान्य करायला हवी, आणि ती माझ्याच मताला थोडा छेद देते. हा क्रमसुद्धा बँडने मुळात ठरवलेला नव्हता. ध्वनिमुद्रण जानेवारी १९८९ मध्ये आटोपले, गाण्यांचा क्रम लागला, आणि त्यानंतर सब पॉपच्या दोन संस्थापकांपैकी एक असलेल्या ब्रूस पॅव्हिटने तो पूर्णपणे बदलायला लावला. पुढे तबकड्या छापण्यापुरते पैसे लेबलकडे जमेपर्यंत आणखी काही महिने गेले. म्हणून आपण ज्याला मूळ क्रम म्हणतो तो बँड आणि लेबल यांच्या ओढाताणीतून निघालेला आहे. बँडच्या मनातला ‘ब्लीच’ कधी बाजारात आलाच नाही. जो आला त्यातला सर्वांत पहिला तो अकरा गाण्यांचा, इतकेच खात्रीने म्हणता येते.

‘लव्ह बझ’बद्दल एक तपशील राहिला. हे गाणे निर्वानाचे नव्हे, शॉकिंग ब्लू या डच बँडचे आहे. नोव्हेंबर १९८८ मध्ये सब पॉपने ते लहान तबकडीवर, दुसऱ्या बाजूला ‘बिग चीज’ घेऊन काढले होते, आणि निर्वानाचे बाजारात आलेले पहिले ध्वनिमुद्रण तेच. त्या लहान तबकडीवर गाण्याआधी बँडचा गायक आणि गिटारवादक कर्ट कोबेन याने मुलांच्या जुन्या तबकड्यांवरून जुळवलेला काही सेकंदांचा ध्वनिकोलाज आहे. अल्बमवर तो नाही, आणि मिश्रणही (आवाज आणि वाद्ये एकमेकांत बसवण्याचे काम) वेगळे आहे. त्यामुळे एकच गाणे दोन्हीकडे आहे असे समजून लहान तबकडीकडे दुर्लक्ष करू नये.


साउंडचेक:

ड्रमच्या प्रश्नाचे उत्तर मी देतो, कारण त्या फरकावर माझे स्वतःचे बरेच तास खर्च झाले आहेत. आपल्या कानांनी आपल्याला फसवलेले नाही. ती दोन गाणी वेगळ्या वादकाने, जवळजवळ वर्षभर आधी वाजवलेली आहेत.

२३ जानेवारी १९८८ रोजी कोबेन आणि बासवादक क्रिस्ट नोव्होसेलिक हे मेल्विन्स या बँडचा ड्रमवादक डेल क्रोव्हर याला सोबत घेऊन सिएटलच्या रेसिप्रोकल रेकॉर्डिंग या स्टुडिओत गेले. ध्वनिमुद्रक होता जॅक एन्डिनो. सहा तासांत त्यांनी दहा गाणी मुद्रित केली आणि त्याचे बिल १५२ डॉलर ४४ सेंट झाले. एन्डिनोने ही टेप सब पॉपचा दुसरा संस्थापक जॉनथन पोनमन याला ऐकवली आणि तेथून पुढचे सगळे सुरू झाले. चॅड चॅनिंग त्यानंतर बँडमध्ये आला. अल्बमचे काम सुरू झाले तेव्हा क्रोव्हरबरोबरची काही गाणी चॅनिंगकडून पुन्हा वाजवून घेण्याचा प्रयत्न झाला, परंतु निकाल समाधानकारक वाटला नाही. शेवटी ‘फ्लॉइड द बार्बर’ आणि ‘पेपर कट्स’ ही जुनीच मुद्रणे नव्याने मिश्रण करून अल्बमवर घेतली गेली. सीडीवरचे ‘डाउनर’ हे त्याच दिवसातले तिसरे गाणे.

क्रोव्हर ड्रमवर फार जोराने आणि तालाच्या किंचित मागे राहून वाजवतो. मेल्विन्सच्या संगीताचा तो प्राणच आहे. चॅनिंगचा हात हलका आणि गाण्याला पुढे ढकलणारा आहे, हे ‘स्कूल’ आणि ‘अबाउट अ गर्ल’ लागोपाठ ऐकले की समजते. ‘पेपर कट्स’मध्ये ड्रम प्रत्येक ठोक्याला जमिनीत रुतत जातात असे वाटते, ते याच कारणाने. हेडफोन लावून ‘फ्लॉइड द बार्बर’ आणि त्याला लागून येणारे ‘अबाउट अ गर्ल’ यांची सांधाजागा ऐका; खोली तीच आहे, ध्वनिमुद्रक तोच आहे, पण माणूस बदललेला आहे.

आता ६०६ डॉलरचा हिशेब. अल्बमची मुख्य बैठक २४ डिसेंबर १९८८ रोजी सुरू झाली. त्यानंतर डिसेंबरचे शेवटचे तीन दिवस आणि जानेवारी १९८९ मधले दोन दिवस काम चालले. सगळे मिळून एन्डिनोने तीस तासांचे बिल लावले आणि ते ६०६ डॉलर १७ सेंट झाले. तबकडीच्या वेष्टनावर हा अल्बम ६०० डॉलरमध्ये मुद्रित झाल्याचे अभिमानाने छापलेलेच आहे. परंतु हे बिल फक्त त्या तीस तासांचे आहे. क्रोव्हरच्या दिवसाचे १५२ डॉलर त्यात नाहीत, आणि ‘लव्ह बझ’ तर लहान तबकडीसाठी १९८८ च्या उन्हाळ्यापासून झालेल्या वेगळ्या बैठकांतले आहे. म्हणजे अकरा गाण्यांपैकी तीन गाणी या प्रसिद्ध आकड्याच्या बाहेरची आहेत. नुसती क्रोव्हरची बैठक मिळवली तरी बेरीज ७५८ डॉलर ६१ सेंट होते. ही रक्कमही हास्यास्पद वाटावी इतकी कमीच आहे, त्यामुळे दंतकथेचे काही बिघडत नाही. पण दंतकथा सांगायचीच तर निदान बेरीज नीट करून सांगावी.

इतक्या कमी पैशांत हे जमले याचे एक कारण स्टुडिओतच होते. रेसिप्रोकल ही एका त्रिकोणी इमारतीतली लहानशी जागा होती आणि एन्डिनो आठ ट्रॅकच्या, म्हणजे आठच स्वतंत्र ध्वनिपट्ट्या मावणाऱ्या, टेप यंत्रावर काम करत असे. आठ ट्रॅक म्हटल्यावर ड्रम, बास, गिटार आणि गायन यांनीच जागा भरून जाते, वर थर चढवत बसण्याची सोय नसते. ‘ब्लीच’चा कोरडा, उघडा आवाज ही सौंदर्यदृष्टी होती की नाइलाज होता, असा वाद नेहमी घातला जातो. मला वाटते दोन्ही होते, आणि एन्डिनोचे कौशल्य असे की नाइलाज कुठे संपतो ते त्याने कळू दिले नाही.

जाता जाता ‘ब्ल्यू’बद्दल एक गोष्ट. सर्वांत जाड तार एक पूर्ण स्वर उतरवून वाजवण्याची या बँडला सवय होती. एका बैठकीत तार आधीच उतरवलेली आहे हे विसरून त्यांनी सगळीच वाद्ये आणखी एक स्वर खाली आणली. बहुतेक काम टाकून द्यावे लागले, पण ‘ब्ल्यू’ तेवढे शिल्लक राहिले. अल्बमच्या पहिल्याच क्षणाला बासचा जो चिखलासारखा आवाज आहे, त्याचे मूळ या चुकीत आहे.


नवा_कान:

मला यातले तांत्रिक फारसे समजत नाही, परंतु ‘ब्लीच’वर डेव्ह ग्रोलचे ड्रम ‘नेव्हरमाइंड’पेक्षा अधिक रांगडे वाटतात असे माझे नेहमीचे मत आहे.


साउंडचेक:

आपण ज्याला ग्रोल समजत आहात तो चॅनिंग किंवा क्रोव्हर आहे. ग्रोल सप्टेंबर १९९० मध्ये बँडमध्ये आला, म्हणजे ‘ब्लीच’ प्रसिद्ध होऊन सव्वा वर्ष उलटल्यावर. २००९ च्या आवृत्तीसोबत जो थेट कार्यक्रम जोडलेला आहे त्यातही चॅनिंगच आहे. रांगडेपणाचे आपले निरीक्षण मात्र चुकीचे नाही.


खर्जस्वर:

एव्हरमनचा प्रश्न मागे राहिला आहे, तो पूर्ण करतो. अल्बमचे ध्वनिमुद्रण झाले तेव्हा बँडकडे ते सहाशे डॉलर नव्हते, आणि ते एव्हरमनने भरले. तो पुढे दुसरा गिटारवादक म्हणून बँडमध्ये आला. तोवर अल्बमवरची सगळी गिटार कोबेनने एकट्याने वाजवून झालेली होती. तरीही त्याचे नाव वेष्टनावर घालण्यात आले, कारण नव्या माणसाला आपण बँडचाच आहोत असे वाटावे, असा खुलासा बँडने नंतर केला. कव्हरच्या छायाचित्रातही तो आहे. १९८९ च्या उन्हाळ्यातल्या अमेरिकेच्या दौऱ्यातच तो बँडमधून बाहेर पडला. काही काळ साउंडगार्डन या बँडमध्ये बास वाजवली आणि नंतर अमेरिकन सैन्यात गेला. ते पैसे त्याला कधी परत मिळाले नाहीत. एकही स्वर न वाजवता ज्याच्यामुळे अल्बम झाला असा गिटारवादक रॉकच्या इतिहासात दुसरा सापडणे कठीण आहे.

ते छायाचित्र कोबेनची तेव्हाची मैत्रीण ट्रेसी मरांडर हिने वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिम्पिया या गावी, रेको म्यूज नावाच्या कलादालनातल्या कार्यक्रमात काढलेले आहे. वेष्टनावर ते उलट्या रंगांत, निगेटिव्हसारखे छापले आहे. ‘अबाउट अ गर्ल’ हे गाणे तिच्याचविषयी आहे, म्हणजे अल्बमच्या बाहेरही तीच आणि आतही तीच. ‘टू मेनी ह्यूमन्स’ असे नाव आधी ठरले होते. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये एड्सच्या प्रतिबंधासाठी सुया ब्लीचने धुऊन घ्या असे सांगणारी भित्तिपत्रके लावलेली होती. ती पाहून नाव बदलले. कोबेनने वेष्टनावर स्वतःचे नाव ‘कर्ट’ आणि ‘कोबेन’ या दोन्ही शब्दांचे स्पेलिंग मोडून छापायला लावले आहे, तो छपाईचा दोष नव्हे. (आपल्याकडच्या वाचकांना बँडच्या नावाची फोड सांगण्याची गरज पडत नाही, पण या निर्वाणात शांती शोधायला गेलेल्यांची निराशा होते, हे ओघाने आलेच.)

आता तबकड्यांविषयी, कारण मूळ प्रतीचा प्रश्न विचारणारा माणूस आज ना उद्या खरेदीकडे वळतोच. सब पॉपच्या पहिल्या हजार प्रती पांढऱ्या रंगाच्या तबकडीवर होत्या. त्यापुढच्या दोन हजार काळ्या प्रतींबरोबर एक भित्तिपत्रक होते. ट्युपेलोने ब्रिटनमध्ये तीनशे पांढऱ्या आणि दोन हजार हिरव्या तबकड्या काढल्या. आपल्या मित्राकडची हिरवी प्रत ब्रिटिश आहे आणि तिच्यावर ‘बिग चीज’ आहे, तेव्हा ती या दोन हजारांपैकी असावी. त्याने ती जपून ठेवावी. ऑस्ट्रेलियात वॉटरफ्रंट या लेबलने वेगळी आवृत्ती काढली होती. पांढरी तबकडी दिसली की ती पहिल्या हजारातलीच असे मात्र समजू नये. २००९ मध्ये सब पॉपने अल्बम पुन्हा काढला तेव्हाही पहिल्या काही प्रती पांढऱ्याच होत्या, आणि त्यांच्याविषयी भोळेपणाने किंवा हेतुपुरस्सर चुकीची वर्णने केलेली मी पाहिली आहेत.

‘लव्ह बझ’च्या लहान तबकडीबाबत तर दुप्पट सावध राहावे. सब पॉपच्या मासिक वर्गणीदारांच्या योजनेतली ती पहिली तबकडी होती, तिच्या हजारच प्रती निघाल्या आणि प्रत्येकीवर हाताने क्रमांक घातलेला होता. तिच्या नकला भरपूर आहेत. खऱ्या तबकडीवर, गाणे संपते तिथल्या कोऱ्या पट्टीत, गिटारी देऊन फावडी का घेत नाही अशा अर्थाचे वाक्य कोरलेले आहे. नोव्होसेलिकच्या वडिलांचा हा नेहमीचा टोमणा होता. नकलांमध्येही हे वाक्य उतरवलेले असू शकते, त्यामुळे केवळ त्याच्या भरवशावर पैसे मोजू नयेत.


तबकडीवाला:

खर्जस्वर यांच्या यादीत ‘ब्ल्यू’ या चार गाण्यांच्या तबकडीचा उल्लेख राहिला, आणि अर्धविराम यांच्या पहिल्या प्रश्नाशी तिचा थेट संबंध आहे. १९८९ च्या अखेरीस निर्वाना टॅड या बँडसोबत युरोपच्या दौऱ्यावर गेला. त्या दौऱ्याला जोड म्हणून ट्युपेलोने ही तबकडी काढायचे ठरवले, पण ती डिसेंबरात, म्हणजे दौरा जवळजवळ उरकल्यावर आली. तिच्यावर ‘ब्ल्यू’ आणि ‘लव्ह बझ’ यांच्याबरोबर स्टीव्ह फिस्कने मुद्रित केलेली ‘बीन अ सन’ आणि ‘स्टेन’ ही दोन नवी गाणी आहेत. ब्रिटनच्या ज्या श्रोत्याला अल्बमवर ‘लव्ह बझ’ मिळाले नव्हते, त्याला ते या तबकडीवर मिळाले. म्हणजे ब्रिटिश ‘ब्लीच’ आणि ‘ब्ल्यू’ ही जोडी एकत्र ठेवली, तर अमेरिकन तबकडीवरची सगळी गाणी आणि वर तीन गाणी हाती येतात. ट्युपेलोच्या बदलाकडे मी पूर्वी निव्वळ लहरीपणा म्हणून पाहत असे. ही जोडी समोर ठेवल्यापासून माझा राग थोडा निवळला आहे.


साउंडचेक:

२००९ च्या आवृत्तीविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. ती ३ नोव्हेंबर २००९ रोजी, अल्बमला वीस वर्षे झाल्याच्या निमित्ताने सब पॉपनेच काढली. मूळ टेपवरून स्टर्लिंग साउंड येथे जॉर्ज मरिनोने एन्डिनोच्या देखरेखीखाली तिचे रिमास्टरिंग, म्हणजे जुन्या मुद्रणाच्या आवाजाची नव्याने घडण, केले. गाणी १९९२ च्या सीडीप्रमाणे तेराच आहेत. त्यासोबत ९ फेब्रुवारी १९९० रोजी ओरेगन राज्यातल्या पोर्टलंड येथील पाइन स्ट्रीट थिएटरमध्ये झालेला कार्यक्रम जोडलेला आहे, आणि त्याचे नवे मिश्रणही एन्डिनोचेच आहे.

रिमास्टरिंग म्हटले की आवाज फुगवून सगळे सपाट करून टाकले असेल अशी भीती वाटते. येथे तसे फारसे झालेले नाही. बासचा पाया अधिक स्पष्ट झाला आहे, ‘स्वॉप मीट’मध्ये पूर्वी गिटारखाली दबलेला नोव्होसेलिक आता वेगळा ऐकू येतो. ‘निगेटिव्ह क्रीप’ मात्र मला जुन्या सीडीवरच आवडते. तिथे गायन आणि गिटार एकमेकांवर घासतात आणि त्या घासण्यातच गाण्याची सगळी मजा आहे. ज्यांच्याकडे १९९२ ची सीडी आहे त्यांनी केवळ आवाजासाठी नवी घेण्याचे कारण नाही.

कारण आहे ते पोर्टलंडच्या कार्यक्रमाचे. त्यात ‘स्कूल’, ‘फ्लॉइड द बार्बर’, ‘लव्ह बझ’, ‘स्कॉफ’, ‘अबाउट अ गर्ल’ आणि ‘ब्ल्यू’ आहेत. शिवाय ‘डाइव्ह’, ‘स्पँक थ्रू’, ‘सॅपी’, ‘बीन अ सन’ आणि व्हॅसलिन्स या स्कॉटिश बँडचे ‘मॉलीज लिप्स’ आहे. तीन माणसे, एकच गिटार, आणि अल्बममध्ये क्रोव्हरने वाजवलेले ‘फ्लॉइड द बार्बर’ येथे चॅनिंगच्या हातून. आपण ड्रमच्या फरकाबद्दल विचारले होते. त्याचे इतके सरळ उदाहरण दुसरे नाही. अल्बमवरचे गाणे खाली खाली बसत जाते, तर पोर्टलंडमध्ये तेच गाणे पळू पाहते.

विक्रीच्या बाबतीत एक गैरसमज दूर करायला हवा. ‘ब्लीच’ निघाला तेव्हा तो दुर्लक्षिला गेला असे सरसकट लिहिले जाते. ‘नेव्हरमाइंड’च्या आधी उत्तर अमेरिकेत त्याच्या सुमारे ४०,००० प्रती खपल्या होत्या, आणि एका लहान स्वतंत्र लेबलसाठी हा आकडा अजिबात कमी नव्हता. अडचण वितरणाची होती. दौऱ्यावर ज्या गावात वाजवायचे त्याच गावातल्या दुकानात आपली तबकडी मिळत नाही, ही कोबेनची जाहीर तक्रार होती, आणि मोठ्या कंपनीकडे जाण्यामागे हे कारणही होते. पुढे गेफेन या मोठ्या कंपनीने बँडशी करार केला तेव्हा सब पॉपला रोख रकमेबरोबर पुढच्या विक्रीतला वाटा मिळाला आणि ‘नेव्हरमाइंड’च्या मागच्या बाजूला सब पॉपचे चिन्ह छापले गेले. ‘ब्लीच’ अमेरिकेत सब पॉपकडेच राहिला, इतर देशांत तो गेफेनने काढला. १९९२ च्या आवृत्तीने तो बिलबोर्ड या अमेरिकन मासिकाच्या अल्बमांच्या यादीत ८९ व्या क्रमांकापर्यंत चढला, १९९५ मध्ये त्याला अमेरिकेत प्लॅटिनम प्रमाणपत्र मिळाले, आणि सब पॉपचा सर्वाधिक खपलेला अल्बम आजही तोच आहे. बुडायला आलेल्या लेबलला सहाशे डॉलरच्या बिलाने तारले असे म्हणायचा मोह होतो, पण खरे तर ‘नेव्हरमाइंड’च्या वाट्याने तारले, आणि मग त्या लाटेवर ‘ब्लीच’ पुन्हा वर आला.


अर्धविराम:

सर्वांचे मनापासून आभार. तबकडीवाला यांच्या सूचनेप्रमाणे मी सीडीवरची शेवटची दोन गाणी वगळून आणि ‘पेपर कट्स’नंतर मुद्दाम थांबून, पाणी पिऊन येऊन, अल्बम पुन्हा ऐकला. ‘निगेटिव्ह क्रीप’ने दचकलो हे कबूल करतो, तेच गाणे इतकी वर्षे माझ्या कानांवरून नुसते जात होते. ‘सिफ्टिंग’नंतरची शांतता मात्र अजून अंगवळणी पडलेली नाही, ‘बिग चीज’ची सुरुवात मनात वाजतेच. २००९ ची आवृत्ती पोर्टलंडच्या कार्यक्रमासाठी घेणार आहे.

एकच बारीक शंका उरली आहे. ‘बिग चीज’ हे गाणे कोणावर आहे? ट्युपेलोने ते इतक्या आग्रहाने आत घेतले म्हणून कुतूहल वाटले.


खर्जस्वर:

जॉनथन पोनमनवर, म्हणजे सब पॉपच्याच मालकावर. आणि सब पॉपने ते ‘लव्ह बझ’च्या मागच्या बाजूला स्वतःच छापून विकले.